नापास घंटा

नवं वाद्य पुढ्यात आलं की वादक मंडळी आधी नाक मुरडतात. हा आमच्या धंद्याचा रिवाजच आहे. पहिल्या पंधरा मिनिटांत कौतुक केलं तर आपल्याला काही कळत नाही असं समोरच्याला वाटेल, ही प्रत्येकाला धास्ती. म्हणून कोणी म्हणतो पट्ट्या फार हलक्या आहेत, कोणी म्हणतो खालचे सूर पोकळ आहेत, आणि ज्याला काहीच सुचत नाही तो म्हणतो, "वरचं जरा टोचतंय." मी एका नाचाच्या क्लासात कीबोर्ड वाजवतो, आणि हे शेवटचं वाक्य मी स्वतः आजवर शंभर वेळा फेकलं असेल. त्या शनिवारी दुपारी मात्र ते कोणाच्या तोंडून निघू नये म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो. कारण ते नवं वाद्य माझ्या ताईने घडवलेलं होतं.

घडवलेलं म्हणजे त्यात लाकूड नाही, तार नाही, भाता नाही. संगणकात राहणारा सॉफ्टवेअर सिंथेसायझर. आकडेमोड करून आवाज तयार करायचा, आणि कुठलाही साधा कीबोर्ड जोडून तो वाजवायचा. आकडेमोड इंजिनिअर लोकांनी केली होती, पण आत भरलेले तीनशे बारा तयार आवाज एकट्या ताईचे. घेणारा भाळतो तो त्या आवाजांवर. आकडेमोड बघायला कोण जातो?

धंद्यातले लोक ताईला 'कान' म्हणतात. "कानाला विचारलं का?" "कानाने पास केलं का?" असं तिच्या तोंडावरसुद्धा म्हणतात. तिलाही ते आवडतं, उगाच नाही म्हणते एवढंच. लहानपणी घरातली दोन दारं वेगवेगळ्या सुरात करकरतात हे तिने मला दाखवलं होतं. मी तेव्हा पाच वर्षांचा, ती चौदाची. आम्ही दोघं दोन दारांशी उभं राहून गाणं वाजवत असू आणि आई लाटणं घेऊन मागे लागत असे. इमारतीची लिफ्ट बंद पडणार हे ती दोन दिवस आधी सांगायची. आवाजावरून तिला कळायचं. शेजाऱ्यांना वाटायचं, ही पोरगीच काहीतरी करून ठेवते.

एकोणिसाव्या वर्षी ती विजेच्या घंटांच्या कारखान्यात लागली. दाराला लावतात त्या घंटा. तिचं काम एका टेबलाशी बसायचं, घंटा वाजवायची, ऐकायची आणि पास किंवा नापास ठरवायचं. दिवसाला तीनशे. बारा वर्षं. एवढ्या घंटा देवळातल्या देवानेही ऐकल्या नसतील. नापास झालेल्या घंटा भंगारात जायच्या, पण एखादी तिला आवडली तर ती पर्समध्ये टाकून घरी आणायची. आमच्या दाराला त्यामुळे कायम नापास घंटा असायची. वाजली की आधी नीट वाजायची आणि मग दमल्यासारखी खाली घसरायची. येणारा माणूस हसतच आत यायचा.

त्याच कारखान्यातल्या एका इंजिनिअरने पुढे नोकरी सोडली आणि चष्म्याच्या दुकानाच्या वर तीन खोल्या घेऊन संगीताची सॉफ्टवेअरं करायला सुरुवात केली. जाताना तो ताईला बरोबर घेऊन गेला. "मशीन मी आणतो, कान तुम्ही आणा," असं म्हणाला. तेच आता तिचे मालक. ती त्यांना साहेब म्हणते, ते तिला बाई म्हणतात, आणि वीस वर्षांत दोघांचं एकदाही भांडण झालेलं नाही. माझं आणि ताईचं आठवड्यातून तीनदा होतं.

आता मुद्द्याचं सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या आईला अंगात कणकण वाटायची फार हौस आहे. दर दोन दिवसांनी ताप मोजून घेतल्याशिवाय तिला चैन पडत नाही. ताप कधीच नसतो. त्या संध्याकाळी ताईने आईच्या काखेत थर्मामीटर लावला आणि शेजारी बसून राहिली. तो सेलवरचा थर्मामीटर, मोजून झालं की बारीक टीट-टीट करतो. मी समोर पेपर वाचत होतो. टीट-टीट झालं. ताई हलली नाही. पुन्हा झालं. ताई भिंतीकडे बघत बसलेली. शेवटी ती वैतागून म्हणाली, "हा अजून वाजत कसा नाही? सेल गेला वाटतं."

मी पेपर खाली ठेवला. मला वाटलं ती चेष्टा करतेय. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी ती गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे तिला कोणी ओळखत नाही अशा दवाखान्यात जाऊन कान तपासून आली. त्यांनी एक कागद दिला. त्यावरची रेघ डावीकडून सरळ येते आणि उजवीकडे जिन्यावरून पडल्यासारखी खाली जाते. खालचे, मधले आवाज तिला अजून तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले ऐकू येतात. वरचे, बारीक, चकाकणारे आवाज गेले ते गेले. "घंटांनी खाल्ले," असं म्हणून तिने तो कागद दोऱ्यांच्या डब्याच्या तळाशी घातला.

"साहेबांना सांग," मी म्हणालो.

"काय सांगू? कानाला ऐकू येत नाही?"

"नोकरी काय लगेच जातेय?"

"नोकरीचं सोड रे. माझं दुसरं काय आहे?" असं म्हणून ती रडली. मी तिला आजवर दोनदाच रडताना पाहिलं आहे, आणि दोन्ही वेळा मी मूर्खासारखा पंखा वाढवला.

पण ती गप्प बसणारी नव्हे. कुठलाही आवाज निम्म्या वेगाने वाजवला की तो एक सप्तक खाली उतरतो. म्हणजे जे वर, तिच्या हाताबाहेर गेलेलं असतं, ते खाली तिच्या टप्प्यात येतं. तिने प्रत्येक आवाज आधी नेहमीसारखा ऐकायचा, मग निम्म्या वेगाने, मग त्याच्याही निम्म्याने, असा धडाका लावला. तीनशे बारा आवाज, प्रत्येक तीन-तीनदा. वर कुठे कुसळ राहिलंय का, ते ती खाली आणून बघायची आणि काढायची. ऑफिसात सगळ्यांना वाटायचं बाई म्हातारपणी जास्तच चिकट झाल्या. तिला विश्वास मात्र वाटेना. "मी अंधारात फरशी पुसतेय," असं म्हणायची.

म्हणून वाद्य विकायला काढण्याआधी मालकांनी तीन वादकांना 'पहिल्यांदा हातात घेतल्यावर काय वाटतं' ते सांगायला बोलावलं, तेव्हा चौथा म्हणून तिने माझी वर्णी लावली. ठरलं असं की मी खिडकीशी बसायचं, आणि वरचं खरोखर टोचलं तर चष्मा काढून पुसायचा. नाही टोचलं तर चष्मा नाकावरून काढायचा नाही. मला चष्मा सारखा पुसायची खोड आहे, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

तिघं वेळेवर आले, हीच पहिली आश्चर्याची गोष्ट. एक ड्रमर, ज्याला सगळे भूकंप म्हणतात. हा बोलतो तेव्हासुद्धा टेबल वाजतं. दुसरे शाळेत संगीत शिकवणारे व्हायोलिनवाले सर. यांच्या कानाचा दरारा असा की गाणारे यांना बघून आवंढा गिळतात. तिसरा बास गिटार वाजवणारा. वर्षाकाठी चार वाक्यं बोलतो म्हणून त्याचं नाव मुका. सर आले तसे खोलीतला पंखा कुठल्या सुरात आहे ते सांगून मोकळे झाले. कोणी विचारलं नव्हतं.

भूकंपाने आधी पडद्यावरचा सगळ्यात मोठा नॉब पार शेवटपर्यंत फिरवला. वादक माहितीपत्रक वाचत नाहीत. मग तो प्रत्येक वाद्यावर जे चार सूर वाजवतो तेच चार सूर त्याने वाजवले आणि म्हणाला, "हं." सरांनी दोन आवाज ऐकून "बरं आहे" म्हटलं. मुका काहीच म्हणाला नाही. नावं वाचून मात्र तिघं हसले. कारण ताईने आवाजांना नावं दिली होती 'दार क्रमांक दोन', 'लिफ्ट थांबली', 'आईचा पंखा' अशी. ताई पाठीमागे उभी होती, हातात रुमाल, आणि त्याचा बोळा झालेला. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो, कारण चष्म्यावर धूळ दिसत होती.

सरांनी 'आईचा पंखा' लावला. डोळे मिटले. आणि म्हणाले, "वरचं जरा टोचतंय."

"टोचतंय," भूकंप म्हणाला. "मी म्हणणारच होतो."

मुक्याने मान हलवली.

ताईने माझ्याकडे बघितलं. मला काही टोचत नव्हतं, आईची शपथ. मी चष्मा दोन्ही हातांनी नाकावर घट्ट दाबून धरला. पण एकीकडे तीन नावाजलेले वादक आणि दुसरीकडे नाचाच्या क्लासातला भाऊ. तिने कोणावर विश्वास ठेवावा? तिचा चेहरा पांढरा पडला. "कमी करते," असं म्हणून ती पुढे झाली. वाद्यात 'धार' नावाचा एक नॉब आहे, वरची चकाकी कमी-जास्त करायचा. तिने तो हळूहळू खाली आणला.

"थोडं अजून," सर म्हणाले. "अजून. बास! बघा, आता कसं गोड झालं."

"लोण्यासारखं," भूकंप म्हणाला.

मला तर आधी आणि नंतर सारखंच ऐकू येत होतं. मी म्हटलं, आता माझेही कान गेले. आणि मग माझी नजर त्या नॉबच्या बाजूला गेली. तिथे एक बारीक हिरवा दिवा असतो. तो लागलेला असला तरच नॉब काम करतो. दिवा विझलेला होता. ताईने घाबरून दिवा न लावताच नॉब फिरवला होता, आणि तिघा तज्ज्ञांनी त्या बंद नॉबचा गोडवा चाखला होता.

ही चूक फक्त आवाजाच्या धंद्यातली माणसंच करू शकतात. माझ्या पोटात हसू उकळायला लागलं. ताईलाही दिवा दिसला. मी मनात म्हटलं, सुटलो! वाद्य चांगलं आहे, यांना पटलं, आता गप्प राहा आणि चहा सांग.

ती गप्प राहिली नाही. "तो नॉब बंद होता," ती म्हणाली.

"पण फरक पडला ना," सर म्हणाले.

"दिवा बघा, सर."

सरांनी दिवा बघितला. मानेपासून कानांपर्यंत ते लाल होत गेले. खोलीत पंखा तेवढा चालू होता, त्याच्या त्या सुरात. मालकांनी तोंडाशी नेलेला कप तसाच धरून ठेवला होता.

"मी तुम्हाला हसत नाहीये," ताई म्हणाली. "मलाही कळलं नाही ते. मला वरचं ऐकूच येत नाही. दोन वर्षं झाली. साहेब, तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. भीती वाटली, म्हणून नाही सांगितलं."

मला वाटलं उठावं आणि तिला घरी घेऊन जावं. एवढ्यात मुका बोलला.

"मला सात वर्षं झाली."

सगळे त्याच्याकडे वळले. वर्षातल्या चार वाक्यांपैकी एक त्याने खर्च केलं होतं.

"डावा," भूकंप म्हणाला.

"काय डावा?"

"डावा कान. झांजा त्या बाजूला असतात ना माझ्या. घरी म्हणतात मी मुद्दाम लक्ष देत नाही. आता सांगू तरी काय त्यांना?" पहिल्यांदाच तो टेबल न वाजवता बोलत होता.

सर खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "व्हायोलिनही डाव्याच कानाशी असतं."

मग मालकांनी कप ठेवला. रागावले की काय कळेना. त्यांनी संगणकावर एक बारीक सूर लावला आणि तो वर वर चढवत नेला. सगळ्यांनी हात वर धरायचे, आणि सूर ऐकू येईनासा झाला की खाली करायचे. भूकंपाचा हात आधी पडला, त्याच्या पाठोपाठ खुद्द मालकांचा. मग मुका, मग ताई, मग सर. शेवटी माझा एकट्याचा हात वर राहिला. आयुष्यात मी पहिल्यांदा कशात तरी पहिला आलो, तेही नुसतं बसून. भूकंप म्हणाला, "ह्याला कोणी जोरात वाजवायलाच दिलं नाही, म्हणून कान शाबूत राहिले." आणि मग सगळे जे हसत सुटले, ते सर डोळे पुसेपर्यंत. इतकं मोकळं हसणं मी वादकांमध्ये फार क्वचित ऐकलं आहे. प्रत्येकाने आपापलं ओझं दाराशी उतरवून ठेवल्यासारखं झालं होतं.

हसून झाल्यावर मालक म्हणाले, "बाई, मग हे तीनशे आवाज तुम्ही तपासलेत कसे?"

ताईने करून दाखवलं. आधी नेहमीच्या वेगाने, मग निम्म्या, मग त्याच्याही निम्म्या. खाली उतरलेला तो आवाज एखाद्या मोठ्या खोलीत दिवे लावल्यासारखा सगळा दिसायला लागला. सर पुढे सरकून बसले. "पुन्हा लावा," म्हणाले. मग तिसऱ्यांदा लावायला सांगितला. "हे वरचं... हे मी कितीतरी वर्षांनी ऐकतोय," ते म्हणाले, आणि बोटानेच चौथ्यांदा लावायची खूण केली.

मालकांनी खिशातली वही काढली. "हे बटण वाद्यात हवं. निम्मा वेग. घेणाऱ्यांतही आपल्यासारखे असतीलच की."

"आणि मी?" ताईने विचारलं.

"तुम्ही काय?"

"म्हणजे... मी यायचं का?"

मालकांना प्रश्नच कळला नाही असं वाटलं. "सोमवारी या की. येताना बटणाला नाव काय द्यायचं ते ठरवून या. तुमची नावं जरा विचित्रच असतात."

ताईने खुर्ची ओढली आणि त्या दुपारी ती पहिल्यांदा बसली. रुमालाची घडी घातली. मला इतकं हायसं वाटलं की मी चष्मा काढून मनसोक्त पुसला. त्याबरोबर ती दचकून ताडकन उभी राहिली, आणि मला "टोचत नाहीये गं, धूळ आहे!" असं ओरडावं लागलं.

पंधरा मिनिटं केव्हाच उलटून गेली होती, म्हणून आता कौतुक करायला हरकत नव्हती. तिघांपैकी कोणी उठेना. भूकंप 'लिफ्ट थांबली' वर अर्धा तास खिळून राहिला. मुक्याने 'दार क्रमांक दोन' खालच्या पट्टीत वाजवला आणि दुसरं वाक्य खर्च केलं, "हे मला पाहिजे." आणि सरांना यादीत खाली कुठेतरी 'नापास घंटा' सापडली. त्यांनी एकच सूर दाबून धरला. तो नीट वाजला, आणि मग दमून किंचित खाली घसरला. सरांनी त्यावर काहीतरी संथ वाजवायला सुरुवात केली. आमच्या घराच्या दाराशी कोणीतरी आलंय असं मला वाटत राहिलं.

"हिला नापास कोणी केलं?" वाजवून झाल्यावर सरांनी विचारलं.

"मीच," ताई म्हणाली. "तेव्हा मला सगळं ऐकू येत होतं."

संध्याकाळी आम्ही घरी आलो. आईने दार उघडायच्या आधीच सांगितलं, "अंगात कणकण वाटतेय गं." ताईने पर्स ठेवली, हात धुतले, थर्मामीटर लावला आणि शेजारी बसली. दोन वर्षं ती हे घड्याळाकडे बघून, मनात आकडे मोजून करत आली होती. आम्ही दोघंही त्याबद्दल बोलत नव्हतो. मी पेपर उघडला.

"वाजलं की सांग रे," ती म्हणाली. सहज, मीठ दे म्हणावं तसं. "मला नाही ऐकू येत ते."

आईने तिच्याकडे वळून बघितलं. "तुलाही नाही? मग इतकी वर्षं मी कोणाच्या भरवशावर काखेत धरून बसते?"

टीट-टीट झालं.

"वाजलं," मी म्हणालो.